विमा गाडीचा, धोका चालवणाऱ्याचा

फोक्सवॅगन व्हर्टसचं एक लिटरचं टर्बो इंजिन ९९९ सीसीचं आहे आणि त्याची ताकद ११५ पीएस. मारुती स्विफ्टचं इंजिन ११९७ सीसीचं, पण ताकद ८२ पीएसच्या आसपास. दोन्ही गाड्या हायवेला लागल्या की पुढे कोण निघेल, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. थर्ड पार्टी विम्याच्या सरकारी दरपत्रकात मात्र उलटा हिशोब आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीला वर्षाला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये. त्यामुळे दमदार व्हर्टस एक लिटरच्या वॅगन-आरच्या पंगतीला बसते आणि घरगुती स्विफ्ट तिच्यापेक्षा तेराशेवर रुपये जास्त भरते. वरच्या गटात इनोव्हा क्रिस्टा आणि पोर्शे ९११ मांडीला मांडी लावून बसल्या आहेत. विजेच्या गाड्यांमध्ये मोटरची ताकद ६५ किलोवॅटच्या वर गेली की सगळ्यांना सरसकट ६,७१२ रुपये. तिथे टाटा नेक्सॉन ईव्ही आणि पोर्शे टायकान यांच्यात काडीचा फरक नाही.

या दरपत्रकात एक रकाना मुळातच नाही: गाडी चालवणार कोण? पन्नाशीतल्या, पंचवीस वर्षं एकही ओरखडा न पडलेल्या बापाची गाडी उद्यापासून अठरा वर्षांचा मुलगा चालवायला लागला, तरी हप्त्यात रुपयाचाही फरक पडत नाही. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये हेच घडलं, तर पुढचं बिल पाहून घरात बैठक बसते. धोका दोन्हीकडे सारखाच वाढलेला असतो. एकीकडे तो कागदावर छापून येतो, दुसरीकडे येत नाही, एवढाच फरक. आणि जो धोका बिलात दिसत नाही, तो घरातही कोणी मोजत नाही.

अमेरिकेतलं बिल

अमेरिकेत विमा कंपनी आधी विचारते की या घरात गाडी चालवू शकणारी माणसं किती. घरातल्या प्रत्येक लायसन्सधारकाचं नाव कळवावं लागतं. मुलाला लायसन्स मिळालं की तो आईवडिलांच्या पॉलिसीत येतो आणि हप्ता दुप्पट झाला तरी कुणाला नवल वाटत नाही.

यामागे आकडे आहेत. महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या तिथल्या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या आकडेवारीनुसार, दर मैलामागे जीवघेण्या अपघातात सापडण्याचं १६ ते १९ वयाच्या ड्रायव्हरांचं प्रमाण विशीच्या पुढच्या ड्रायव्हरांच्या जवळपास तिप्पट आहे. पोरांचे डोळे तेज असतात आणि हातपाय चपळ, तरीही हे घडतं. कारण गाडी चालवणं हे नुसतं स्टिअरिंग फिरवण्याचं काम नाही. पुढच्या रिक्षावाल्याची मान वळली म्हणजे तो आता इंडिकेटर न देताच वळणार, हे ओळखायला हजारो किलोमीटर जावे लागतात. नव्या ड्रायव्हरला धोका समोर आल्यावर दिसतो, मुरलेल्याला त्याच्या आधी.

त्यात सोबतीला मित्र असले की भर पडते. अमेरिकेतल्या ट्रिपल ए फाउंडेशनने २०१२ साली केलेल्या अभ्यासात १६-१७ वर्षांच्या ड्रायव्हरांकडे पाहिलं गेलं. गाडीत मोठं माणूस नसताना २१ वर्षांखालचा एक सोबती असला, तर ड्रायव्हरच्या मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी वाढतो, दोन असले तर दुप्पट होतो आणि तीन किंवा जास्त असले तर चौपट, असं त्यात आढळलं. मोठं माणूस शेजारी बसलं की हाच धोका उतरतो. म्हणजे शेजारच्या सीटवर कोण आहे, यालाही किंमत आहे.

आता यात ताकदवान गाडी मिसळा. अमेरिकेत हप्त्याचे ढोबळ दोन भाग पडतात. दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी हा भाग मुख्यतः ड्रायव्हरकडे पाहून ठरतो, तर स्वतःच्या गाडीची मोडतोड आणि चोरी हा भाग गाडीकडे पाहून. प्रत्येक मॉडेलसाठी किती दावे आले, किती रकमेचे आले आणि किती गाड्या चोरीला गेल्या, याची नोंद ठेवणारी स्वतंत्र संस्था तिथे आहे. डॉज चार्जरच्या हेलकॅट या सातशेहून अधिक अश्वशक्तीच्या मॉडेलचं चोरीचं प्रमाण सरासरीच्या साठ पटींहून जास्त असल्याचं तिने २०२३ साली जाहीर केलं. अशा गाडीचा मालक सभ्य असला, तरी चोर सभ्य नसतो आणि ते हप्त्यात येतंच.

खरी गोम दोन्ही भाग एकत्र येतात तिथे आहे. घरात एक मस्टँग आणि एक मिनीव्हॅन असेल, तर काही कंपन्या सर्वांत धोक्याचा ड्रायव्हर सर्वांत महाग गाडीला जोडून हप्ता काढतात. ‘मुलगा फक्त मिनीव्हॅन चालवतो’ असं बापाने सांगून भागत नाही. किल्ल्या एकाच खुंटीला टांगलेल्या असतात, हे कंपनी जाणते. म्हणून तिथली शहाणी कुटुंबं मुलगी पंधरा-सोळाची झाली की आधी कंपनीला विचारतात आणि मगच कुठली गाडी ठेवायची, कुठली विकायची ते ठरवतात.

सवलतीही आहेत. शाळेत सरासरी बी किंवा त्याहून वरची श्रेणी असेल तर ‘गुड स्टुडंट’ सवलत मिळते. मुलगा गाडी न नेता शंभर मैलांपलीकडच्या कॉलेजात गेला, तर हप्ता उतरतो. मोबाइलमधलं ॲप किंवा गाडीत बसवलेलं छोटं यंत्र अचानक लागलेले ब्रेक, रात्रीचं ड्रायव्हिंग आणि वेग यांची नोंद ठेवतं आणि त्यानुसार दर ठरतो. न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या आसपास मराठी कुटुंबंही आहेत, कायदाच मुलांना टप्प्याटप्प्याने गाडी देतो. सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना, सतराव्या वर्षी प्रोबेशनरी लायसन्स, अठराव्या वर्षी पूर्ण लायसन्स. प्रोबेशनच्या काळात रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत गाडी बंद आणि आईवडील सोबत नसतील तर एकच प्रवासी. २०१० पासून अशा २१ वर्षांखालच्या ड्रायव्हरांच्या गाडीच्या दोन्ही नंबरप्लेटवर लाल चमकणारी पट्टी लावावी लागते. पोलिसाला लांबूनच कळतं की आत शिकाऊ पोर आहे.

वय पाहणं न्याय्य आहे का?

सगळी पोरं बेदरकार नसतात. मग एकाच्या बेपर्वाईची शिक्षा दुसऱ्याने का भरायची? यावर तिथेही एकमत नाही. कॅलिफोर्नियात १९८८ साली मतदारांनीच प्रपोझिशन १०३ मंजूर केलं. त्यानुसार हप्ता ठरवताना आधी गाडी चालवण्याचा पूर्वेतिहास, वर्षाकाठचे मैल आणि अनुभवाची वर्षं पाहावी लागतात, बाकी सगळं त्यानंतर. हवाई राज्यात वय पाहायलाच बंदी आहे. युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी मुलगा-मुलगी भेद करायला मनाई केली आणि २१ डिसेंबर २०१२ पासून ती लागू झाली. त्याआधी ब्रिटनमध्ये तरुण मुलींना मुलांपेक्षा बराच कमी हप्ता पडायचा.

पण दर न लावल्याने धोका नाहीसा होत नाही, तो इतरांमध्ये वाटला जातो. हवाईतला मध्यमवयीन ड्रायव्हर शेजारच्या पोराच्या वाटचे थोडे पैसे भरतो. आपल्याकडचा तोलून-मापून चालवणारा निवृत्त मास्तरही तेच करतो.

ब्रिटनमध्ये गाड्यांचे एक ते पन्नास असे विमा-गट आहेत. पहिल्या गटांत छोट्या हॅचबॅक, पन्नासाव्यात सुपरकार. सतराव्या वर्षी लायसन्स मिळत असल्याने पहिल्या गटांमधल्या जुन्या गाड्यांना पोरांकडून मागणी असते. मुलगा रोज चालवत असलेल्या गाडीचा मुख्य ड्रायव्हर म्हणून बापाचं नाव देण्याची युक्तीही तिथे चालते. पण ती फसवणूक समजली जाते आणि उघडकीस आली की पॉलिसीच रद्द होते.

आपल्याकडचा कागद

आपल्या पॉलिसीची पानं कोणी वाचत नाही. शोरूममध्ये हार घातलेल्या गाडीसमोर फोटो निघतात आणि कागद डॅशबोर्डच्या खणात जातात. त्यातलं ड्रायव्हरबद्दलचं कलम मात्र वाचण्यासारखं आहे. विमाधारकासह कोणीही गाडी चालवू शकतं, अट एवढीच की अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन्स हवं आणि तो अपात्र ठरवलेला नसावा. लर्निंग लायसन्सवालाही चालतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम पाळूनच. म्हणजे गाडीच्या पुढे-मागे ‘एल’ आणि शेजारी गाडी थांबवू शकेल असा पक्का लायसन्सधारक.

‘कोणीही’ या शब्दातच भारतीय विम्याची उदारता आहे आणि आंधळेपणाही. त्याच पानावर वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने देणं, शर्यत, वेगाची चाचणी यासाठी विमा लागू नाही. मोकळ्या रस्त्यावर मित्रांशी लावलेली पैजही कंपनीच्या वकिलाला या कलमाची आठवण करून द्यायला पुरेशी असते. इंजिनाचा संगणक ‘रीमॅप’ करून ताकद वाढवली किंवा सायलेन्सर बदलला आणि कंपनीला कळवलं नाही, तर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर त्यावरच बोट ठेवतो.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता, म्हणजे ‘ओन डॅमेज’, मात्र गाडीप्रमाणे बदलतो, तोही मुख्यतः किमतीप्रमाणे. २००२ च्या जुन्या दरपत्रकात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला १००० सीसीपर्यंत ३.१२७ टक्के आणि १५०० सीसीच्या वर ३.४४० टक्के दर होता. पंधरा लाखांच्या गाडीवर ४६,९०५ आणि ५१,६००. म्हणजे मोठ्या इंजिनामुळे पडणारा फरक पाच हजारांच्याही आत. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना हे दर ठरवण्याची मोकळीक मिळाली, पण किमतीचा पगडा कायम राहिला. वेगवान गाडी महाग पडते ती मुख्यतः तिची किंमत मोठी आणि सुटे भाग परदेशातून येणारे म्हणून. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर घसाऱ्यापोटी निम्मी कपात होते. बंपर प्लास्टिकचाच असतो, म्हणून निम्मा बंपर आपल्या खिशातून. ‘झीरो डेप’ हे जास्तीचं संरक्षण (ॲड-ऑन) घेतलं तर ही कपात टळते, आणि नवखा ड्रायव्हर घरात असताना ते घेण्यात शहाणपण आहे.

आठ हजारांचा बंपर, साडेसदतीस हजारांचा क्लेम

आपल्याकडे ड्रायव्हरची चूक हप्त्यात उमटते ती एकाच वाटेने: नो क्लेम बोनस. क्लेम न घेता वर्षं गेली की ओन डॅमेज हप्त्यावर अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के सूट मिळते. एकदा क्लेम घेतला की शिडीवरून थेट जमिनीवर. समजा, सूट वजा होण्याआधीचा हप्ता ३०,००० रुपये आहे आणि बापाने पाच वर्षांत कमावलेली सूट ५० टक्के. मुलाने सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला घासून आठ हजारांचं काम काढलं आणि क्लेम टाकला. पुढच्या वर्षी सूट शून्य, म्हणजे पंधरा हजार गेले. त्यानंतर २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा पन्नासला पोहोचेपर्यंत दर वर्षी सूट कमीच राहते. हप्ता तेवढाच धरला तर एकूण नुकसान साडेसदतीस हजार. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल, पण आठ हजारांच्या कितीतरी वर. म्हणून छोटी खरवड गॅरेजवाल्याला रोखीने देऊन मिटवावी आणि क्लेम मोठ्या मोडतोडीसाठी राखून ठेवावा. ‘एनसीबी प्रोटेक्ट’ नावाचं ॲड-ऑन वर्षात ठरावीक संख्येपर्यंत क्लेम घेतले तरी नो क्लेम बोनसची सूट या घसरणीतून वाचवतं. ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे, त्यामुळे गाडी विकताना ती नव्या गाडीवर घेऊन जायला विसरू नये.

आणखी एक गैरसमज महाग पडतो. पॉलिसीसोबत मालक-ड्रायव्हरचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा असतो, पण तो मालकाचा. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा असेल, तर ते पंधरा लाख त्याच्यासाठी नाहीत. थर्ड पार्टीतही तो ‘तिसरा’ नसतो. मालकाची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मधल्या एका निकालात म्हटलं आहे. मुलगा नियमित गाडी चालवणार असेल, तर त्याचा स्वतंत्र अपघात विमा काढावा. त्याचा हप्ता मुलाच्या महिन्याच्या मोबाइल-पेट्रोलपुढे फार नसतो.

अठराच्या आत

इथवर सगळं लायसन्स असलेल्या मुलांचं. अठरा पुरी नसतील तर हिशोबच वेगळा. मोटार वाहन कायद्यानुसार सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते. क्लासला जायला दिली जाणारी ११०-१२५ सीसीची स्कूटर त्यात बसत नाही, मोटार तर नाहीच. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला दोषी धरलं जातं. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लर्निंग लायसन्सही नाही. ‘मला माहीत नव्हतं’ किंवा ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हे सिद्ध करण्याचा भार पालकावर.

विम्याचं काय होतं? सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या स्वरणसिंग निकालानंतर रूढ झालेली वाट अशी: पीडिताला भरपाई कंपनी आधी देते आणि मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने अट मोडली असेल, तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल करते. ही रक्कम किती असू शकते, हे पाहू. समजा, अपघातात पंचविशीतला अविवाहित नोकरदार गेला, पगार वर्षाला दहा लाख. कायम नोकरी असल्याने भावी वाढीचे ५० टक्के धरून पंधरा लाख. अविवाहित असल्याने स्वखर्चाची निम्मी वजावट, उरले साडेसात. या वयाला गुणक १८. एकूण एक कोटी पस्तीस लाख, वर किरकोळ खर्चाच्या रकमा आणि व्याज. विमा अबाधित असेल तर हे कंपनी भरते, कारण मृत्यू आणि दुखापतीसाठी भारतातल्या थर्ड पार्टी विम्याला कमाल मर्यादा नाही. दोन-तीन हजार रुपयांत एवढं संरक्षण मिळतं. कॅलिफोर्नियात तर एका माणसाच्या दुखापतीसाठी सक्तीची किमान रक्कम २०२५ पर्यंत फक्त पंधरा हजार डॉलर होती, ती आता तीस हजार झाली. त्यामुळे पोरं गाडी चालवणारी घरं तिथे दहा लाख डॉलरची वेगळी ‘अम्ब्रेला’ पॉलिसी घेतात. आपल्याकडे ती छत्री आधीच डोक्यावर आहे, फक्त सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली दिली की ती आपणच मिटवतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका पोर्शे टायकानने मोटारसायकलला धडक दिली आणि दोन तरुण इंजिनिअरांचा जीव गेला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. त्या गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपयांचं शुल्क न भरल्यामुळे अडकली होती, असं परिवहन खात्याने सांगितलं. कोटीहून अधिक किमतीच्या गाडीचा कागद दोन हजारांच्या आतल्या रकमेसाठी अपुरा राहतो, तेव्हा दोष एकट्या पोराच्या वयाचा नसतो.

उरलेला रकाना कोण भरणार?

सुधारणेच्या गोष्टी निघाल्या आहेत. विमा नियामकाच्या एका कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतूक नियम मोडण्याचा इतिहास हप्त्याला जोडण्याची शिफारस केली होती. जुलै २०२२ मध्ये ‘जेवढी चालवाल तेवढा हप्ता’ आणि ‘जशी चालवाल तसा हप्ता’ अशा ॲड-ऑनना परवानगी मिळाली. दुसऱ्या प्रकारात अमेरिकेसारखंच यंत्र किंवा ॲप ब्रेक आणि वेगावर नजर ठेवतं. पण हे सगळं ऐच्छिक आहे, आणि ज्याला ते सर्वांत जास्त हवं, त्याच घरात ते सर्वांत कमी घेतलं जातं.

तोवर हा रकाना घरातच भरावा लागेल. लायसन्सनंतरचं पहिलं वर्ष घरच्या घरी प्रोबेशन समजा. रात्री अकरानंतर गाडी नाही. मित्रांत एकच सोबती. दोन गाड्या असतील तर कमी ताकदीची त्याच्या वाट्याला, मोठीची किल्ली वेगळ्या जागी. आणि पॉलिसीचं ते पान त्याच्यासमोर एकदा मोठ्याने वाचून, एक कोटी पस्तीस लाखांचा तो हिशोब त्याच्याकडूनच कागदावर मांडून घ्या. न्यू जर्सीतल्या आईबापांसाठी यातले दोन नियम सरकारनेच करून दिलेत आणि मोडले तर दंड आहे. आपल्याकडे ते करायला फक्त आईबापांची नाही म्हणायची तयारी लागते, आणि बहुतेक घरांत नेमकी तीच कमी पडते.